अर्धी पट्टी

पिंप्राळ्यातली ही बिल्डिंग, पाच मजले.
नोटिसा घेऊन चढतो मी.
चारशे दोन: कुलूप.
चारशे तीन: कुलूप, कडीला
वास्तुशांतीचं वाळलेलं तोरण.
मालक सुरतेहून फोनवर म्हणतो,
भाव येऊ द्या ना, भाऊ.
रिकाम्या घराला अर्धी पट्टी, असा आमचा नियम.

दुप्पट करा, पैसा शाळांना द्या,
असा ठराव आला होता मागच्या सभेत.
हात वर झाले सात.
उरलेले खिशात, किल्ल्यांवर.

गच्चीवरून दिसते शाळा नंबर एकोणीस.
पत्रा तापला, म्हणून झोपेबाईंनी
तिसरी-चौथी निंबाखाली बसवलीय.
त्यांच्या हातातही अर्धीच पट्टी, मोडकी.
सावली सरकते
तशी पोरं सरकतात ढुंगणावर,
पाढा न तोडता.