सुगी

फोटोंमध्ये या इमारतीत माणसं नव्हती,
म्हणून पहिली बोट धरली,
माणसांच्या आधी पोचायला.

धक्क्यावरच्या यंत्रातून चहाचा गरम डबा धप्पकन पडला.
या हातातून त्या हातात नाचवत चढ चढले.
बेटाचं ग्रंथालय. काँक्रीटच्या तीन भिंती,
चौथीच्या जागी समुद्र.

दारात बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर.
आणि आत माणूस होताच:
निळा गणवेश, सुकं फडकं, छातीवर नाव, नागामिने.

मी भिंतीला हात लावला, चटकन मागे घेतला.
त्यांनी स्वतःचा तळवा टेकवून दाखवला.
गार. आणि बोटांखाली रेषा,
उभ्या, दाट, मध्येच एका गाठीला वळसा घालणाऱ्या.
काँक्रीटला कुठली आली गाठ?

"सुगी," ते म्हणाले.
मी दचकले. आमच्याकडे सुगी म्हणजे
खळ्यात ज्वारीची रास, नाकातोंडात भूस.
इथे ते एका झाडाचं नाव.

फोनमधली बाई त्यांचं बोलणं
मोडकंतोडकं माझ्याकडे आणत राहिली.
तेविसाव्या वर्षी ते इथे सुतार होते.
आधी अख्खं घर लाकडाचं उभं केलं,
दोन फळ्यांच्या फटीत काँक्रीट ओतलं,
मग लाकूड काढून टाकलं.
टाकलं?
नाही, जाळलं. त्या हिवाळ्यात
बेटावरच्या सगळ्या न्हाण्यांचं पाणी
या घरानं तापवलं.

पितळी पाटीवर वास्तुकाराचं नाव आहे.
नागामिनेंनी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फळी दाखवली,
म्हणजे फळीचा ठसा. शेंडा खाली, बुंधा वर.
घाईत उलटी लागली. चाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही.
हे सांगण्याआधी त्यांनी दाराकडे बघून घेतलं.

बाकांच्या मागे, बसल्या डोक्याच्या उंचीवर
भिंतीला काळपट गोल डाग.
वाचणाऱ्यांचे. कचेरी म्हणते, पुसा.
त्यांचं फडकं तिथवर जातं आणि वळतं,
रेष गाठीशी वळते तसं.

दहाला शाळेची पोरं आली, दप्तरं आदळली.
मी एक पुस्तक उचललं,
ज्यातलं एकही अक्षर मला येत नव्हतं,
बाकावर बसले, मागे टेकले.

केसांना कालच खोबरेल लावलं होतं.