दुसरा खिळा

पहिले अकरा दिवस लहानुजींनी वस्तऱ्याला हात लावू दिला नाही.
एक लाकडी पट्टी दिली, शाळेच्या फूटपट्टीतून कापलेली,
आठ ते चौदा हे आकडे अजून तिच्यावर होते.
"हे पलाट. इनं गालही कापत नाही अन् पट्टाही."

पट्टा खिडकीच्या चौकटीला, उजवीकडच्या खिळ्यावर.
म्हशीचं कातडं, पोटाशी काळं, कडांना गुळासारखं.
शटर वर गेलं की आधी तळव्यानं तो चोळायचा,
मे महिन्यात जरा जास्त.
कूलरच्या हवेनं सादळतो, लाईन गेली की पापड होतो.
तळवा तापला की समजायचं, उठला.

मग ताण. झोळ पडला की धार गोल.
मग पाठ पुढे, धार मागे.
जाताना पाठ पुढे,
येताना, माझ्या डोक्यात शिरायला तीन दिवस लागले,
येतानाही पाठच पुढे.
टोकाशी कूस बदलायची ती पाठीवरच,
झोपलेलं लेकरू दुसऱ्या अंगावर करतात तसं,
उचलायचं नाही अन् सोडायचंही नाही.
"जोर कायले लावतं बे? भांडे घासून राहिला का?
वस्तऱ्याचं वजन वस्तऱ्यालेच राहू दे."

बाराव्या दिवशी खरा वस्तरा. शिंगाची मूठ, पिवळी पडलेली.
आता आम्ही ब्लेडच लावतो, अर्धं,
गिऱ्हाइकासमोर कागद फाडून.
वस्तरा मागणारे चार-पाच उरलेत,
त्यातले एक नंदेश्वर काका, मोतीबागेच्या शेडमधून रिटायर,
खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण.
सहाव्या फेरीला टच्.
पट्ट्याच्या कडेला नखाएवढी चीर.
मी दचकलो, कोपर लागलं, फळीवरचा ब्रश पडला,
खाली पोचायच्या आत मी झेललाही.
"कापला का?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.
"कापला," लहानुजी म्हणाले,
अन् दाढी पुढे चालू.

दिवसभर मी वाट पाहिली.
संध्याकाळी त्यांनी पट्टा खिळ्यावरून काढला,
मांडीवर घेतला, बोटानं एकेक चीर दाखवली.
ही वामनची, त्याचं आता हिंगण्याला दुकान आहे.
ही आपल्या मोठ्याची, तो मग बँकेत लागला.
ह्या दोन त्यांच्या स्वतःच्या, एक लग्नाच्या हप्त्यातली.
माझ्या चिरेवरून त्यांनी तेलाचं बोट फिरवलं.
"ब्रश तू डाव्या हातानं झेलला."

मी गप्प.
"डेबरा हाय तू. सांगतलं काहून नाही?"
शाळेत सांगितलं होतं, मी म्हणालो.
घरून निघताना आईनं मनगट धरून बजावलं होतं,
लोकाच्या तोंडाला डावा हात लावशील तर
बोहनी व्हायची नाही.
ते काहीच बोलले नाहीत. शटर ओढलं,
सायकलला पायडल मारलं, गेले.

सकाळी चौकटीच्या डाव्या बाजूला
नवा खिळा होता, जरा तिरका,
भोवतीचा चुना उडून खाली पडलेला.
पट्टा तिथं उलटा टांगलेला,
कोऱ्या अंगानं, ज्याच्यावर अजून कुणाची वाट पडली नव्हती.
"झाडू मार आधी," एवढंच म्हणाले.

नवं कातडं आधी खरखर बोलतं.
दिवाळीपर्यंत ते नुसतं कुजबुजायला लागलं.
फेऱ्या मोजणं कधी सुटलं आठवत नाही,
पन्नास म्हणाले होते, मी कानानं थांबतो.
हातावरचे केस न टोचता उडतात,
माझं डावं मनगट उजव्याहून गोरं दिसतं,
नाही, ते चुकीचं, उजव्याचे केस उडालेत,
कारण वस्तरा डाव्यात असतो.

काल लहानुजी पोहे आणायला गेले होते.
नंदेश्वर काका आले, बसले, टॉवेल स्वतःच लावला.
नव्या खिळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"आज कोणता हात?"
डावा, मी म्हणालो.
त्यांनी थोडा वेळ आरशात पाहिलं
अन् हनुवटी वर केली.