इतर अठरा असामी

लष्करात, दौलतगंजात, रात्री साडेअकरानंतर
मी एका राज्याची कारभारीण असते.
राज्य माझं नाही, एका जाडजूड कादंबरीतलं आहे.
आम्ही चाळीस जण तिथे ऑनलाइन, लिहून लिहून खेळतो.

राणी एकच. सेनापती एकच.
त्यांना मारायचं नाही, परस्पर त्यांची लग्नं लावायची नाहीत,
हे पहिलं कलम.
दुसरं मला नंतर घालावं लागलं:
हरवलेली राजकन्या चालणार नाही.
(गेल्या कार्तिकात राणीच्या चार जुळ्या बहिणी आल्या.
चौघींच्याही उजव्या खांद्यावर तीळ.)

सेनापती खेळतात देवासचे टेंभेकाका, बँकेतून निवृत्त.
पुस्तक तोंडपाठ.
सेनापती असा शिंकत नाही, म्हणून
एकदा त्यांनी माझीच ओळ मला खोडायला लावली.

मग इटारसीहून अर्ज आला.
नाव: गोमाजी. वंश: ठाऊक नाही. शक्ती: नाही.
काम: पुलावर जकातीचा कारकून.
चेष्टा असेल म्हणून मंजूर केला.

तिसऱ्या रात्री सेनापतीचा घोडा पुलाशी आला
आणि गोमाजीने बांबू वर केला नाही.
'घोड्याचे दोन पैसे.'

टेंभेकाकांचा फोन, रात्री एकला:
अहो, पुस्तकात मी थांबतच नाही!
खरं होतं. पान दोनशे अकरा.
सेनापती पूल ओलांडून गेला.
चारच शब्द.

खिडकीबाहेर पौषातलं धुकं,
धुक्याच्या वर दिव्यांत किल्ला.
इथे कुणालाही पत्ता विचारा, किल्ल्यापासून सुरू करतो.
आमचाही कुणी मूळपुरुष एका पागेमागून इथे आला.
बाबांनी एकदा मोडीतला कागद वाचून घेतला होता:
सरदाराचं नाव, सरदाराच्या हत्तीचं नाव,
हत्तीला रोज गूळ किती, तेसुद्धा,
आणि शेवटी, व इतर अठरा असामी.
त्या अठरांत आम्ही.
कितवे, ते लिहिलेलं नाही.

मी पान पुन्हा वाचलं.
सेनापती पहाटे निघतो, तिन्हीसांजेला पोचतो,
आणि वाट अवघी दोन कोस.
मधला दिवस लेखकाने कुणाला दिलेलाच नाही.

निकाल दिला: लढाई ठरल्या वेळी होईल,
सेनापती ठरल्याप्रमाणे जिंकेल,
पण पैसे द्यावे लागतील.

टेंभेकाका दोन दिवस गप्प.
मग त्यांची एक ओळ आली:
सेनापतीने कमरेची पिशवी चाचपली. सुटे नव्हते.

गोमाजीने उधारीच्या वहीत लिहिलं, सेनापति.
पहिली वेलांटी.
टेंभेकाकांनी ती दुरुस्त करायला लावली नाही.

आता राणीची तक्रार आहे.
दरबार चार रात्री रिकामा, सगळे पुलावर,
कुणी बैल घेऊन, कुणी नुसतंच कर्ज मागायला.
हेही बरोबर नाही, कळतं मला.
राणीलाच पाठवावं म्हणते पुलावर.
पालखीचे किती घेणार,
गोमाजीला विचारून ठेवते.