पडण्याचे दोन डॉलर जादा

माझा बाप एका उन्हाळ्यात अकरा वेळा मेला.
आईची वही आहे माझ्याकडे. अक्षर एकही नाही,
नुसत्या रेघा:
आडवी म्हणजे साधा दिवस, पाच डॉलर.
आडवीवर उभी म्हणजे घोड्यावरून पडणं,
दोन जादा.

आम्ही नवाहो. ते आम्हाला आमच्याच खडकांतून उचलायचे
आणि अपाची म्हणून परत तिथेच सोडायचे.
पिसांचा टोप कुठल्या तिसऱ्याच मुलखातला,
सारखा कपाळावर घसरायचा.
रंगवणारी बाई बापाच्या तपकिरी गालावर
डब्यातला तपकिरी रंग थापायची:
पुरेसा इंडियन दिसत नाही हा.
दुभाषी एमर्सन बिलागोडी
एवढं एक वाक्य गिळून टाकायचा.

सरदार त्यांच्यातलाच, निळ्या डोळ्यांचा.
त्याला तीन वाक्यं होती.
बापाला एक किंकाळी.

पडायला शिकवलं एझ्रा टॉलिव्हरनं.
घोड्यांकडे बघायचा तो, टेक्ससचा, काळा.
त्याच्या आजानं हजार हजार गुरं
कॅन्ससपर्यंत हाकत नेलेली.
आधी खांदा टेकव, म्हणायचा, मग पाठ, डोकं शेवटी.
आणि कॅमेरा फिरायला लागला
की दोर गुंडाळत चौकटीबाहेर जायचा.
त्याला कुणी सांगावंही लागत नसे.

बोर्डिंग शाळेनं आम्हाला बसमधून गॅलपला नेलं,
वर्षभर आपली भाषा न बोलल्याचं बक्षीस.
अंधारात बिगूल वाजला, घोडदळ आलं,
सगळी पोरं बाकांवर उभी.
खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.
मग टेकडीवरून एक करडा घोडा उतरला,
डावा कान फाटलेला.
घोडा आधी ओळखला मी.
मग वरचा माणूस.
हात एकमेकांकडे निघाले होते,
ते भेटलेच.
टाळी वाजली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
म्हणून बापानं मरणाचं आणलं.
आमच्यात मेल्याचं नाव घेत नाहीत,
मेलेल्याच्या झोपडीला दुसरं दार पाडतात,
आणि हा अकरा वेळा वाळूत डोळे मिटून पडला,
माशी नाकावर बसली तरी हलला नाही.
थंडीत तो झोपेनासा झाला.
तेव्हा गाणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं,
दोन रात्री गाणं झालं.
पडण्याचे बावीस डॉलर त्यात गेले,
वर तीन मेंढ्या.
मरणाचे पैसे मरण धुवायला.
वहीत त्याची रेघ नाही.

सुटीत घरी आले तेव्हा
चुलीशी बसून त्यानं एवढंच विचारलं:
करडा कसा दिसला?
त्या दिवशी पुढचा पाय धरला होता त्याचा.

छान दिसला, म्हटलं मी.
टाळ्या पडल्या.

कुणाच्या, ते त्यानं विचारलं नाही.