न गोठलेलं

आजोबांनी बाग तोडली तेव्हा मावशी सहा वर्षांची.
चर्चमधून दारूबंदीची शपथ घेऊन आले,
कोट खुंटीला टांगला
आणि त्याच दुपारी कुऱ्हाड.
चाळीस झाडं. सगळी सायडरची,
खायला इतकी तुरट की डुकरंही तोंड फिरवत.
एकेचाळिसावं वाचलं ते पुण्याईनं नव्हे,
अर्धं शेजाऱ्याच्या हद्दीत होतं म्हणून;
आणि शेजारी ओझायस बेल्डिंग
कोर्टात जायला कायम एका पायावर तयार.

त्या एका झाडावर पर्सिस मावशीचं पिंप भरायचं.
व्हरमाँटचा डोंगरउतार,
ऑक्टोबरातच बादलीतल्या पाण्यावर
बर्फाची साय धरायची.
मी दहा वर्षांचा, सुट्टीला नव्हे,
पेटीसकट आलेला.
आई कुठे आहे, हे त्या घरात
कुणी विचारायचं नसे. मीसुद्धा.

फळं तोडायची नाहीत, पडू द्यायची.
पडली की लगेच उचलायची नाहीत,
गवतात पंधरवडा लोळू द्यायची.
अंगठा दाबला की आत जायला हवा.
"तुझ्या गालासारखं नको," मावशी म्हणायची,
"माझ्या गालासारखं हवं."

दात्यांच्या यंत्राचा दांडा मी फिरवायचो,
चोथा बघता बघता तांबूस व्हायचा.
एक थर चोथा, एक थर पेंढा,
वर फळी, फळीवर स्क्रू,
स्क्रूला लोंबकळलेला मी, आणि गांधीलमाश्या.
रस काकवीच्या जुन्या पिंपात.
मूठभर मनुका, मग आणखी मूठभर,
मग मेपलची साखर, "मी थांब म्हणेपर्यंत."
ती थांब म्हणायचीच नाही.

रात्री तळघर पुटपुटायचं.
मेणबत्ती घेऊन मी खाली जायचो,
पिंपाला कान लावायचो:
आत पुष्कळ माणसं
दबक्या आवाजात काहीतरी ठरवत होती.
बुचाच्या भोकातून फेस ओसंडायचा,
मावशी पुसायची, रस वाढायची, पुन्हा पुसायची,
तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं.

दर रविवारी पाद्री हॉबर्ट दाराशी थांबत.
"पर्सिस, व्हिनेगर कसं काय?"
"अजून आंबट व्हायचंय, रेव्हरंड."
दोघांपैकी कुणीही हसत नसे.

जानेवारीत, रात्री भिंतीतले खिळे
थंडीनं ताडकन वाजू लागले की
आम्ही पिंप घसरगाडीवर घालून
गोठ्यामागे नेऊन ठेवायचो.
तिसऱ्या पहाटे सगळं दगड.
मावशी चुलीत सळई लाल करायची,
पिंपाच्या पोटात खुपसायची,
चर्रर्र, वाफ, आणि मग
एवढ्या मोठ्या बर्फाच्या मधोमध
गोठायला नकार देऊन बसलेलं ते,
जेमतेम पाच बाटल्या,
गडद, जाडसर, धीम्या धारेचं.

ती कधी चाखायची नाही.
सहाव्या वर्षी वडिलांच्या शेजारी उभं राहून
तिनंही त्या कार्डावर नाव लिहिलं होतं,
एक अक्षर उलटं.
तिची परीक्षा वेगळी: चमचाभर घ्यायचं,
दिव्यावर कोमट करायचं, काडी ओढायची.
त्या वर्षी ज्योत निळी आली,
चमच्याच्या काठावरून चालली, थांबली, पुन्हा चालली.
मावशी तिच्याकडेच बघत होती.
"तुझी आई जिवंत आहे," ती म्हणाली.
"लोवेलला. सूतगिरणीत. त्या माणसाबरोबर नाही आता.
पत्रं येतात. पिठाच्या डब्यामागे आहेत."

एक थेंबही न पिता.

ज्योत विझली. तिनं चमचा धुतला,
पाचही बाटल्यांवर स्वच्छ अक्षरात लिहिलं:
व्हिनेगर.

सकाळी मी गोठ्यामागे गेलो.
फळ्या सुट्या झालेल्या, आणि उन्हात उभा
पिंपाच्या आकाराचा बर्फ,
पोटात सळईचं भोक.
जीभ लावून पाहिली. पाणी. नुसतं पाणी.
मग भोकाला डोळा लावला.
पलीकडे रस्ता दिसत होता, वाकडा,
खाली स्टेशनाकडे जाणारा.