अनामिकेचं नख

दोरिंदा कास्तिन्येइरा, वय एकावन्न,
आरौसाच्या खाडीत ओहोटीला शिंपल्या उपसणारी.
तिच्या फाइलीत माझ्याच अक्षरात तीनदा लिहिलंय:
विशेष काही नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा नोव्हेंबर होता.
गॅलिसियाच्या या किनाऱ्यावर नोव्हेंबरचं पाणी
रबरी बूट असले तरी हाडापर्यंत पोचतं.
तिने डावा हात टेबलावर ठेवला, पालथा,
तराजूत मासळी ठेवावी तसा.
हे बोट, म्हणाली. करंगळीशेजारचं.
सूज नाही, लाली नाही, व्रण नाही.
एक्स-रेत हाडं हाडांसारखी.
संधिवात असेल, म्हटलं मी. गोळ्या लिहिल्या.

दुसऱ्यांदा म्हणाली,
पाण्याला हात लागला की ठणका खांद्यापर्यंत चढतो.
रात्री एलाडिओ कूस बदलतो,
चादर बोटावरून सरकते आणि मी उठून बसते.
चादर, डॉक्टर. सुती चादर.
मी विचारलं, घरी ठीक आहे ना सगळं? पाळी? झोप?
ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.
मी झोपेची गोळी लिहिली.

तिसऱ्यांदा काही बोललीच नाही.
लोकरीच्या मोज्याचं टोक कापून
तिने बोटाला चढवलं होतं, जूनमध्ये.
ते मी पाहिलं. पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

थंडी वाजते म्हणतो आपण, सहज.
तिच्या बोटात ती खरोखर वाजत होती,
सात वर्षं, आणि ऐकू फक्त तिला येत होती.

मग आमच्या दवाखान्यात इरिया औतेइराल आली,
डॉक्टर होऊन दोन वर्षं झालेली, चप्पल फटफटवत चालणारी.
तिने फाइल उघडलीच नाही.
टाचणी मागितली. तिचं टोक नव्हे, डोकं.
नखावर एकेक जागा दाबत गेली:
इथे? नाही. इथे? नाही.
इथे—
दोरिंदा खुर्चीसकट मागे सरकली.
केसभर बाजूला दाबलं तर काही नाही.
पुन्हा तिथेच, आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं
मी आयुष्यभर बोलण्यातच वापरलं.

इरियाने तिचा हात वर धरायला लावला,
रक्त ओसरू दिलं,
दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, फुगवला.
आता तीच टाचणी, तीच जागा.
दोरिंदा वाट बघत राहिली दुखण्याची.
आलं नाही.
दाबा ना, म्हणाली. दाबतेय, इरिया म्हणाली.
पट्टा सैल केल्याबरोबर ती जी ओरडली,
बाहेरच्या बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले.
आणि त्या ओरडण्याच्या शेवटी ती हसत होती.
बघितलंत? बघितलंत ना?
ती मला विचारत होती.

बोटाखाली टॉर्च धरला तेव्हा
नखातल्या चंद्रकोरीपाशी एक निळसर ठिपका,
शाईचा थेंब पुसायचा राहावा तसा.
पोंतेवेद्राच्या एमआरआयने त्याचं माप सांगितलं: चार मिलिमीटर.
ग्लोमस गाठ. साधी, कॅन्सरची नाही.
थंडीत रक्ताला वाट किती द्यायची
हे ठरवणारी नळ्यांची बारीक गुंतवळ असते बोटात,
तीच कधी वेडीवाकडी वाढते.
या बोटाला अनामिका म्हणतात.
नावाशिवाय आणखी किती दिवस काढले असते त्याने?

त्या रात्री स्वयंपाकघरात
मी माझ्या अनामिकेवर टाचणी फिरवली,
नखाच्या कडेकडेने, मुळाशी, मधोमध.
बायकोने विचारलं, काय शोधतोस?
मला सांगता आलं नाही.

नख उचलून गाठ काढली, तांदळाच्या कणीएवढी.
नख परत यायला वेळ लागतो, जरा खडबडीत आलं.
फेब्रुवारीत मीच धक्क्यावर गेलो. भरती चढू लागली होती,
बायका पाण्यातून वर येत होत्या, बादल्या जड.
दोरिंदाचे हात लाल, ओले, उघडे.
थंडी वाजते का, विचारलं मी.
म्हणजे काय, डॉक्टर, वाजणारच, ती म्हणाली,
सगळ्यांना वाजते तेवढी.