ओहोटीची वेळ

एरुन्दिना येते ओहोटी पाहून;
माझ्या वहीतली वेळ तिला मान्य नाही.
बुटांना चिखल, बोटांना मीठ,
आणि कंबर, एकेचाळीस वर्षं वाकलेली
आरोसाच्या खाडीत, दाताळं ओढत.

"दुखतं कुठे?"
ती मणक्यावर हात ठेवते, खाली नेते,
आणखी खाली,
आणि तिथे थांबून
वाऱ्यापावसाबद्दल बोलू लागते.

मी प्लास्टिकचा सापळा टेबलावर ठेवते.
हे माकडहाड, ही जघनास्थी,
मध्ये ही स्नायूंची झोळी.
तीन बाळंतपणं आणि रोजच्या बादल्या
हिनंच पेलल्या.
"ही सैल नाही पडलेली," मी सांगते,
"सोडायचंच विसरलीय."

ती सापळ्याला बोट लावते,
लिलावात माल पारखावा तसं.
"म्हणजे तिसरी," म्हणते.
"पाणी गेलं की मिटून बसते."

मग गुडघे उभे करून ती आडवी होते.
माझा तळवा तिच्या ओटीपोटावर.
श्वास आत. सावकाश.
पहिल्यांदा नाही. चौथ्यांदाही नाही.
खाली रस्त्यावरून मासळीची गाडी जाते.
सातव्या श्वासाला काहीतरी
नखभर सुटतं;
तिला कळतं माझ्याआधी.

"फार उघडायला लावू नकोस हं, पोरी,"
ती डोळे मिटूनच बजावते,
"सताड उघडी तिसरी
मेलेली असते."

हसताना कंबर दुखली नाही
हे तिनं बूट चढवताना सांगितलं.
खुर्चीवर बसून घाल म्हटलं होतं,
तरी वाकूनच.